मधल्या खुर्चीचा खांदा

त्याचं नाव सलूनमध्ये कुणी घेतच नसे. तीन खुर्च्यांचं सलून. खिडकीजवळची खुर्ची मालकाची, दाराजवळची एका बडबड्या कारागिराची आणि मधली याची. बावीस वर्षं एकाच खुर्चीमागे उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? गिऱ्हाइकं त्यालाच ‘मधली खुर्ची’ म्हणू लागली. दारातून डोकं घालून विचारायची, "मधली खुर्ची आलीय का आज?" आली नसली तर बाकी दोन खुर्च्या मोकळ्या असूनही पेपर चाळत बसून राहायची. माणसाला खुर्चीचं नाव पडलं याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. मनातून बरंच वाटायचं, पण ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

खांदा आखडायला लागला तेव्हा त्यानं तो लपवला. आपल्याकडे दुखणं अंगावर काढण्याची भारी हौस! आज राहील, उद्या राहील. हात वर जाईना म्हणून तो खुर्चीच खाली घेऊ लागला. पायानं पंप दाबायचा, खुर्ची चार बोटं खाली. पुढच्या महिन्यात आणखी चार बोटं. शेवटी उंच गिऱ्हाइकांचे गुडघे हनुवटीला टेकायला आले, तेव्हा मालक म्हणाला, "अरे, माणूस खुर्चीत बसलाय की तळघरात उतरलाय?" सगळे हसले, तोही हसला. आणि हात उचलता येत नाही तिथे तो कमरेतून वाकायचा, टाचा उचलायचा, खांदा कानाशी न्यायचा आणि कशीबशी कात्री डोक्यावरून फिरवायचा. काम देखणं व्हायचं, त्यात खोट नव्हती.

मग एक दिवस एका डोक्याची डावी बाजू झाली आणि उजवीकडे वळताना त्याचा हात मध्येच थांबला. नुसता थांबला. खांद्यातून अशी कळ आली की कंगवा खाली पडला. गिऱ्हाईक आरशातून त्याच्याकडे बघत होतं, बडबड्या गप्प झाला होता. मालकानं आपलं डोकं आवरून याचं अर्धं डोकं पुरं केलं. याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या मामानं त्याच्या हाती पहिल्यांदा कात्री दिली त्यानं धंद्याचा एकच कायदा शिकवला होता. घराला आग लागली तरी अर्धं डोकं टाकून उठायचं नाही. आधी डोकं, मग आग. तीस वर्षं त्यानं तो पाळला होता. त्यानंतर आठ दिवस तो घराबाहेर पडला नाही.

डॉक्टरांनी फोटो काढले, खांद्याचा सांधा आखडलाय म्हणाले, गोळ्या दिल्या आणि व्यायामाच्या बाईंकडे पाठवलं. बाई वयानं लेकीएवढ्या. त्याला ‘काका’ म्हणायच्या आणि काकांना शाळेतल्या पोरासारखं झापायच्या. कोनमापकाला दोन पट्ट्या जोडाव्यात तसलं एक साधन त्यांनी खांद्याला लावलं आणि म्हणाल्या, "ऐंशी अंश. खूप काम आहे, काका."

मग सगळं समजावलं. आधी दहा मिनिटं शेकायचं. मग टेबलावर डावा हात टेकून पुढे वाकायचं, उजवा हात दोरीसारखा सोडायचा आणि हलकेच झुलवायचा. मग काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हातानं दुखरा हात बाजूला न्यायचा. शेवटी भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, हळू, मुंगीच्या चालीनं. ताण जाणवला तर चालेल, कळ आली तर तिथेच थांबायचं. नंतर दुखलं तर तासाभरात शांत झालं पाहिजे, ठणका मागे राहिला तर जास्त झालं म्हणून समजायचं. श्वास कोंडायचा नाही. दिवसातून तीनदा, आणि जे करायचं ते आरशासमोर.

इतर सगळं त्यानं ऐकलं, तेवढं आरशाचं सोडून. घरी आरसा एकच होता, मोरीच्या दारावर टांगलेला, ताटलीएवढा. आणि खरं सांगायचं तर आरशांचा त्याला वीट आला होता. तीस वर्षं दिवसभर आरशातच तर बघत आला होता, लोकांची डोकी! आता घरी बसायची पाळी आलीय तर तेवढी तरी सुटका हवी, असं म्हणून त्यानं दोन खोल्यांमधल्या बोळकांडीतली भिंत धरली.

मालक माणूस वाईट नव्हता. घरी येऊन चहा पिऊन गेला. जाताना चपला घालता घालता म्हणाला, "एक तारखेपर्यंत खुर्ची ठेवतो. पुढे मला जमणार नाही रे. गिऱ्हाईक परत जातं." म्हणजे सहा आठवडे होते.

बायको घरीच शिवणकाम करायची. नवं शिवणं कमी, जुनं दुरुस्त करणं जास्त. बाह्या आखूड करा, कंबर सैल करा, खांदा उतरवून द्या. सकाळी मशीनवर बसली की दिव्याच्या वेळेला उठायची, आणि आता त्यात नवऱ्याची बटणं लावायची, पाठ चोळायची, केस विंचरायचे. भांग दर दिवशी वाकडा पडायचा. गावभरची डोकी सरळ करणारा माणूस तो वाकडा भांग घेऊन बसून राहायचा, कारण ती आधीच थकलेली असायची आणि कोण बोलणार? पहिल्या दिवशी त्यानं भिंतीवर बोटं चढवली तेव्हा ती मशीनवरून उठून आली आणि जिथे बोटं थांबली तिथे कपड्यावर खुणा करायच्या खडूनं रेघ मारली. दिव्याच्या बटणाच्या जरा वर. त्याच्या वर हातभर अंतरावर कॅलेंडरचा खिळा होता. त्यानं मनाशी ठरवलं, खिळ्याला बोट लागलं की खुर्ची आपली.

सुरुवातीचे दिवस फार रटाळ गेले. शेका, झुला, काठी, भिंत. परत शेका. उजव्या कुशीवर झोपता येत नव्हतं आणि डाव्या कुशीची सवय नव्हती. भेटेल तो विचारायचा, "काय म्हणतोय खांदा?" खांदा काय म्हणणार कपाळ! पण दहाव्या दिवशी रेघ दोन बोटं वर गेली. त्या दिवशी तो हसला. मग रेघा भराभर वर जाऊ लागल्या. तो भिंतीला बोटं लावायचा, नकळत श्वास कोंडायचा, चढायचा, आणि ती मागे उभी राहून खडू टेकवायची. "बघितलंस? कालच्यापेक्षा बोटभर!" ती म्हणायची, "हो, चढतंय की." मान सारखी दुखायची, पण व्यायाम म्हटल्यावर कुठेतरी दुखणारच, असं त्यानंच ठरवून टाकलं.

याच दिवसांत मास्तर येऊ लागले. पलीकडच्या गल्लीतले, भूमितीचे निवृत्त शिक्षक. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मधल्या खुर्चीत बसायचा त्यांचा बावीस वर्षांचा नेम होता. आता केस कानांवर आले होते आणि घरी सून रोज कुरकुरत होती, पण मास्तर हट्टाला पेटले होते. आल्या आल्या विचारलं, "किती अंश?"

"बाई म्हणाल्या होत्या ऐंशी."

"म्हणजे काटकोनसुद्धा नाही! छे! लघुकोन." मास्तर रेघांकडे बघून खूश झाले. "पण आता तर पार वर गेलाय. मी थांबतो. दुसऱ्याच्या हाती हे डोकं द्यायचं नाही, सांगून ठेवतो."

त्यांच्या समोर त्यानं पुन्हा एकदा भिंत चढून दाखवली. खिळा आता दोनच बोटं वर होता.

चौथ्या आठवड्यात तो बाईंकडे गेला तो मोठ्या तोऱ्यात. बाईंनी साधन लावलं. एकदा मापलं, पुन्हा मापलं. मग विचारलं, "मान दुखते का, काका?"

"दुखते."

"आणि हे ऐंशीच्या ऐंशीच आहे."

त्याला वाटलं साधन बिघडलंय. तसं बोलूनही दाखवलं. बाईंनी त्याला कोपऱ्यातल्या उंच आरशासमोर नेऊन उभं केलं आणि म्हणाल्या, "घरी करता तसं करा." त्यानं हात उचलला. आणि तीस वर्षं आरशांत फक्त दुसऱ्यांची डोकी बघत आलेल्या त्या माणसाला पहिल्यांदा स्वतःचं अंग दिसलं. खांदा कानाला चिकटलेला, कंबर डावीकडे कललेली, टाचा जमिनीवरून दोन बोटं वर. हात होता तिथेच होता. सलूनमध्ये खुर्ची खाली करून करून अंगात मुरवलेली सगळी चलाखी त्यानं जशीच्या तशी भिंतीवर लावली होती.

"काका, हात नाही चढत तुमचा," बाई म्हणाल्या, आणि या वेळी झापत नव्हत्या. "तुम्हीच चढताय."

मान सरळ ठेवा, खांदे सैल सोडा, हे तो दिवसातून वीसदा गिऱ्हाइकांना सांगायचा. शर्ट घालायला बाईंनाच मदत करावी लागली.

घरी आला तेव्हा बायको मशीनवर होती. कुणाच्या तरी कोटाचा खांदा उसवत होती. त्यानं सगळं सांगितलं. ती मान वर न करता ऐकत राहिली, आणि त्याला एकदम उमगलं.

"तुला दिसत होतं?"

तिनं दोरा तोडला. "लोकांच्या खांद्यांचे उतार मापण्यात जन्म गेला माझा. मला दिसणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"दहाव्या दिवशी तुम्ही हसलात," ती म्हणाली. "दोन महिन्यांनी हसलात. म्हटलं, आज नको, उद्या सांगू. मग दुसऱ्या दिवशी परत हसलात." आणि मग तिचा आवाज चढला. "आणि तुम्ही हो? टाचा उचलत होतात ते तुम्हाला कळत नव्हतं? मी मागेच तर उभी होते!"

कळत होतं. अगदी पहिल्यापासून नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या रेघेपासून कळत होतं, फक्त स्वतःशी कबूल करत नव्हता. "तू रेघ मारायला यायचीस तेव्हा तुझा चेहरा जरा उजळायचा," तो म्हणाला. "रेघ चढली नसती तर तू परत जाऊन तशीच मशीनवर बसली असतीस."

ती उठली, फडकं ओलं केलं आणि बोळकांडीत जाऊन वरून खाली सगळ्या रेघा पुसायला लागली. तो म्हणाला, "अगं, राहू दे की दोन-चार." ती म्हणाली, "खोट्या मापावर कापलं की कापड फुकट जातं." खिळ्याजवळची पुसायला तिला टाचा उचलाव्या लागल्या. सगळी भिंत पुसून झाल्यावर ती त्याच्या मागे उभी राहिली, उजवा तळवा त्याच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाली, "आता चढा. तळवा उचलला गेला की थांबा."

बोटं दिव्याच्या बटणाच्याही खाली थांबली. तिनं तिथे रेघ मारली. दोघांना रडू येत होतं, पण आमटी उतू जायला आली म्हणून तिला जावं लागलं.

एक तारखेला चार दिवस उरले होते. तो सलूनमध्ये गेला आणि मालकाला सगळं खरं सांगितलं. "जमणार नाही. किती दिवस लागतील तेही माहीत नाही." हे सांगताना त्यानं मधल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता, तो काढायचं भानच राहिलं नाही. मालकानं मान डोलावली. खुर्ची कुणातरी ओळखीच्या कारागिराला द्यायचं ठरलं. यानं आपला कात्र्यांचा कातडी बटवा, दोन कंगवे आणि मानेवरचे केस झटकायचा ब्रश पिशवीत घातला आणि घरी आला. बायकोनं बटवा कपाटात ठेवला.

मग खरे दिवस सुरू झाले, आणि त्यांत सांगण्यासारखं काही नाही. तळवा, भिंत, रेघ. बाईंनी तिला बजावलं होतं, तळव्यानं दाबायचं नाही, नुसता ठेवायचा. आठ-आठ दिवस रेघ जागची हलत नसे. एकदा त्याचं डोकं फिरलं. ती बाजारात गेली असताना त्यानं डाव्या हातानं उजवा हात धरून वर ओढला. मग दोन दिवस ठणका आणि बाईंची बोलणी. "काका, हे दार नाही लाथ मारून उघडायला!" तो मुकाट्यानं ऐकून आला. दुपारी कधी कधी शेकायची पिशवी खांद्यावर घेऊन तो खिडकीत बसायचा. तिथून गल्लीच्या टोकाचं सलून दिसायचं. मधल्या खुर्चीमागचा नवा माणूस उंच होता, त्याला खुर्ची खाली करावी लागत नव्हती. यात त्या बिचाऱ्याचा काय दोष, असं हा स्वतःला सांगायचा आणि तरी बघत बसायचा.

तिसऱ्या महिन्यात बाईंनी मापलं. शंभराला थोडे कमी. त्यानं विचारलं, "काम?"

"छातीच्या उंचीपर्यंत. हलकं. पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. खांदा वर यायला लागला की त्याआधीसुद्धा थांबायचं."

"पण डोकं छातीच्या उंचीला कसं असेल?"

"मग डोकं खाली आणा," बाई म्हणाल्या.

मास्तरांना निरोप गेला. ते दुपारी चारला हजर. केस कॉलरच्या खाली गेले होते, सुनेनं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं आणि गल्लीतली पोरं त्यांना सिंह म्हणत होती. बायकोनं आपलं शिवणाचं बुटकं स्टूल खिडकीजवळ मांडलं. मास्तर गुडघे दुमडून बसले. डोकं बरोबर त्याच्या छातीशी आलं. तिनं मास्तरांच्या गळ्याभोवती चादर बांधली, घड्याळ समोर ठेवलं आणि नवऱ्याच्या मागे येऊन खांद्यावर तळवा ठेवला.

आपल्या कात्रीचा आवाज त्यानं तीन महिन्यांत ऐकला नव्हता. पहिली पाच मिनिटं कात्री अडखळत होती. मग बोटांना सगळं आठवलं. डावी बाजू उतरली, डावा कान मोकळा झाला, मागची अर्धी मान झाली. किती सुबक! त्याचं त्यालाच भरून आलं. तो उजवीकडे वळला, आणि तळव्याखाली खांदा वर यायला लागला. तिनं तळवा दाबला नाही. घड्याळात अजून तीन मिनिटं होती.

त्याला मामा आठवला. आणखी दहा मिनिटं, फार तर पंधरा. जरा वाकलं, जरा टाचा उचलल्या तर डोकं पुरं झालं असतं. ती जुनी चलाखी अंगात तयारच होती. मास्तर डोळे मिटून बसले होते, त्यांना कळलंही नसतं.

त्यानं कात्री खिडकीत ठेवली.

"मास्तर," तो म्हणाला, "आज एवढंच. उरलेलं उद्या."

मास्तरांनी डोळे उघडले. बायकोनं मोरीच्या दारावरचा ताटलीएवढा आरसा आणून त्यांच्यापुढे धरला. डावीकडून मास्तर एखाद्या लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते, उजवीकडून जंगलातून आल्यासारखे. त्यांनी इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मग म्हणाले, "बरोबर मधोमध दुभागलंय. उद्या चारलाच ना?"

"टोपी देऊ का?" बायकोनं विचारलं.

"टोपी कशाला? मी काय चोरी केलीय?"

मास्तर काठी टेकत जिना उतरले. त्यांचं घर डावीकडे होतं, पण ते उजवीकडे वळले आणि सावकाश गल्लीच्या टोकाला निघाले. दोघं खिडकीतून बघत राहिली. पोरं त्यांच्यामागे नाचत होती. सलूनसमोर आल्यावर ते थांबले. बडबड्या बाहेर आला, मग मालक वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला, मग तो नवा उंच कारागीरही. मालक मास्तरांना आत बोलावत असावा, मधल्या खुर्चीकडे हात करत होता. मास्तरांनी मान हलवली. मग काठी उचलून याच्या खिडकीकडे दाखवली.

मालकानं मान वर करून पाहिलं. मग वस्तरा डाव्या हातात घेऊन उजवा हात वर केला, पार डोक्यावर.

तिचा तळवा अजून याच्या खांद्यावरच होता. यानंही उजवा हात उचलला. छातीपर्यंत गेला, आणि तिथेच धरून त्यानं तो हलवला.